गंजलेल्या जहाजावरील शिबंदी

एखाद्या राष्ट्राची समुद्रावरील सत्ता मोजावयाची झाली म्हणजे सामान्यतः त्याच्या युद्धनौकांची गणती केली जाते. विनाशिका किती, पाणबुड्या किती, विमानवाहू जहाजें किती, असा हिशेब मांडला कीं बलाबल ठरलें, अशी समजूत असते. हा हिशेब खोटा नव्हे, परंतु अपुरा आहे. युद्धनौका येते आणि जाते. तिची पाठ फिरली कीं पाणी पूर्ववत् होतें आणि ती तेथें आली होती याची खूणहि उरत नाहीं. ज्या पाण्यावर दोन राष्ट्रें एकाच वेळीं हक्क सांगत असतात तेथें ही अडचण विशेष जाणवते. जमिनीवर सीमेचा दगड रोवतां येतो, कुंपण घालतां येतें. समुद्रांत तसें कांहीं करतां येत नाहीं. तेथें हक्क टिकवावयाचा तर शेवटीं कोठें तरी मनुष्यें बसवावीं लागतात, आणि हें बसून राहण्याचें काम पुष्कळ देशांत मरीन म्हणजे नाविक पायदळाकडे आलेलें आहे.

मरीन हा शिपाई आणि खलाशी यांच्या मधला मनुष्य. तो आरमाराबरोबर वावरतो, जहाजानें प्रवास करतो, पण त्याचें खरें काम जहाज सोडल्यावर सुरू होतें. किनाऱ्यावर उतरावयाचें, बंदर किंवा बेट ताब्यांत घ्यावयाचें, आणि मागून मदत येईपर्यंत तें धरून ठेवावयाचें. असें सैन्य स्वदेशीं ठेवून त्याचा फारसा उपयोग होत नाहीं, कारण समुद्रावरील अंतरें मोठीं आणि जहाजाची चाल मंद. १९५० सालीं कोरियाचें युद्ध २५ जूनला पेटलें. अमेरिकेनें कॅलिफोर्नियांत घाईघाईनें उभारलेली मरीन सैनिकांची ब्रिगेड जुलैच्या मध्यावर सान डिएगोहून निघाली, ती पूसानच्या बंदरांत पोहोंचली २ ऑगस्टला. तोंपर्यंत दक्षिण कोरियाचा आग्नेयेकडील एक कोपरा काय तो मित्रसैन्याच्या हातीं उरला होता. प्रवासांत जाणारे हे तीन आठवडे वांचवावयाचे म्हणून सैन्य आधींच पुढें नेऊन ठेवावयाचें, इतका हा विचार मुळांत साधा आहे.

या विचाराचा आजचा सर्वांत मोठा नमुना जपानच्या ओकिनावा बेटावर पाहावयास मिळतो. तेथें अमेरिकेच्या एकतिसाव्या मरीन मोहीम-पथकाचा कायमचा तळ आहे. सुमारें बावीसशें माणसें, त्यांचीं स्वतःचीं विमानें व हेलिकॉप्टरें, दवाखाना, यंत्रशाळा आणि त्यांना वाहून नेणारीं जहाजें ससेबोच्या बंदरांत, असा हा सरंजाम आहे. ओकिनावावरील मरीन सैनिकांचा उपयोग केवळ लढाईपुरता नसतो. नोव्हेंबर २०१३ मध्यें हैयान नांवाच्या वादळानें फिलिपिन्समधील टाक्लोबान शहर उद्ध्वस्त केलें, तेव्हां दोन-तीन दिवसांच्या आंत ओकिनावाहून मरीन सैनिक मदतीस जाऊन पोहोंचले. उलट मे २००८ मध्यें नर्गिस वादळानें ब्रह्मदेशाच्या इरावती मुखाची धूळधाण केली, त्या वेळीं याच पथकाचीं जहाजें किनाऱ्याबाहेर कित्येक आठवडे अन्नपाणी व हेलिकॉप्टरें घेऊन उभीं होतीं. तेथील लष्करी सरकारनें त्यांना उतरूं दिलें नाहीं, आणि जूनच्या आरंभीं तीं जशीं आलीं तशीं परत गेलीं. जवळ असणें आणि उपयोगी पडणें यांच्यामध्यें दुसऱ्याची परवानगी नांवाची एक पायरी आहे, ती युद्धशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं.

ज्यांच्या अंगणांत असें सैन्य राहतें त्यांनाहि त्याची किंमत द्यावी लागते. ओकिनावा प्रांत म्हणजे जपानच्या भूमीचा शंभरावा हिस्साहि नव्हे. परंतु अमेरिकन सैन्यासाठीं जपाननें राखून दिलेल्या जागेपैकीं सुमारें सत्तर टक्के जागा तेथें आहे. १९४५ च्या लढाईंत जेथील चार माणसांमागें एक माणूस दगावला असा अंदाज केला जातो, तेथील लोकांनीं फेब्रुवारी २०१९ मधील मतदानांत नव्या विमानतळाच्या बांधकामाविरुद्ध ७२ टक्के मतें दिलीं, यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. बांधकाम त्यानंतरहि चालूच राहिलें.

परंतु पुढच्या ठाण्याचें मर्म समजावून घेण्यास ओकिनावाएवढा अवाढव्य पसारा सोयीचा नाहीं. त्यांत पैसा, विमानें आणि महासत्तेचा दबदबा इतका मिसळलेला आहे कीं केवळ तेथें बसून राहण्याचें सामर्थ्य किती तें वेगळें काढतां येत नाहीं. तें शुद्ध स्वरूपांत पाहावयाचें असेल तर तेथून नैऋत्येकडे, दक्षिण चिनी समुद्रांतील एका प्रवाळाच्या खडकाकडे वळलें पाहिजे. या खडकावर १९९९ पासून फिलिपिन्सच्या मरीन दलाचे मूठभर सैनिक एका मोडक्या जहाजांत राहत आहेत. त्यांच्यापाशीं विमान नाहीं, तोफखाना म्हणावा असा नाहीं, आणि ज्या जहाजावर ते राहतात त्याला हलतां येत नाहीं. तरीहि जगांतील दोन मोठ्या सत्तांचें लक्ष त्या जहाजावर खिळलेलें आहे.

या खडकाचें इंग्रजी नांव सेकंड थॉमस शोल. फिलिपिन्सचे लोक त्याला आयुंगिन म्हणतात आणि चिनी लोक रेन्-आय. फिलिपिन्सच्या पालावान बेटापासून तो सुमारें १९५ किलोमीटर अंतरावर आहे. चीनच्या हैनान बेटापासून हजार किलोमीटरांहून अधिक. भरतीच्या वेळीं तो पाण्याखालीं जातो. ओहोटीला त्याचें कडें उघडें पडतें आणि मध्यें एक शांत सरोवर दिसूं लागतें. तेथें झाड नाहीं, गोडें पाणी नाहीं, उभें राहण्यास कोरडी जागा नाहीं. मात्र भोंवतालच्या पाण्यांत मासळी आहे, आणि ईशान्येस असलेल्या रीड बँक नांवाच्या उथळ भागाखालीं नैसर्गिक वायूचा सांठा असल्याचा अंदाज आहे. मनिला शहर ज्या लुझॉन बेटावर वसलें आहे त्या बेटाच्या विजेचा मोठा वाटा पालावानजवळच्या मालाम्पाया वायुक्षेत्रानें पुरविला, आणि तें क्षेत्र आतां ओसरत चाललें आहे. तेव्हां प्रश्न केवळ झेंड्याचा नाहीं. घरोघरच्या दिव्यांचाहि आहे.

हें ठाणें कां बसविलें गेलें तें समजण्यास आणखी चार वर्षें मागें जावें लागतें. १९९५ च्या आरंभीं फिलिपिन्सच्या कोळ्यांना व आरमाराला असें आढळून आलें कीं याच भागांतील मिस्चीफ नांवाच्या खडकावर चीननें खांबांवर उभारलेल्या झोंपड्या बांधल्या आहेत. आमच्या मच्छीमारांच्या निवाऱ्यासाठीं त्या आहेत, असें चीननें सांगितलें. फिलिपिन्सनें निषेधाचे खलिते धाडले. झोंपड्या राहिल्या, मोठ्या झाल्या, सिमेंटच्या झाल्या. आणि २०१४ नंतर तेथें समुद्राच्या तळाची वाळू उपसून एक आखें बेट तयार करण्यांत आलें, ज्यावर आज मोठीं विमानें उतरतील अशी धांवपट्टी आहे. मिस्चीफ आणि आयुंगिन यांच्यामधील अंतर चाळीस किलोमीटरांहून कमीच. १९९५ सालीं मिस्चीफवर फिलिपिन्सचा एकहि मनुष्य नव्हता, ही गोष्ट मनिलांतील अधिकाऱ्यांच्या मनाला लागून राहिली असली पाहिजे.

मे १९९९ मध्यें फिलिपिन्सच्या आरमाराचें ‘सिएरा माद्रे’ हें जहाज आयुंगिनच्या खडकावर रुतलें. तो अपघात असल्याचें प्रथम सांगण्यांत आलें. जहाज ओढून काढण्याची घाई मात्र कोणीं केली नाहीं, आणि पुढें पुढें तर तें तेथें मुद्दामच बसविलें हें लपवून ठेवण्याचेंहि कारण उरलें नाहीं. या जहाजाचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. १९४४ सालीं अमेरिकेंतील एव्हन्सव्हिल येथें, म्हणजे समुद्रापासून शेंकडों मैल आंत, ओहायो नदीच्या कांठीं तें बांधलें गेलें. शंभर मीटर लांबीचें, सपाट तळाचें, आणि पुढील तोंड दरवाज्यासारखें उघडणारें असें हें रणगाडेवाहू जहाज होतें. पुळणीवर थेट नाक खुपसून रणगाडे उतरविणें हेंच त्याचें काम. १९४५ मध्यें तें ओकिनावाच्या लढाईंत होतें. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकेनें तें पुनः बाहेर काढलें, १९७० मध्यें दक्षिण व्हिएतनामला दिलें, आणि १९७५ मध्यें सायगाव पडलें तेव्हां तें पळून फिलिपिन्सच्या आश्रयास आलें. १९७६ पासून तें फिलिपिन्सच्या मालकीचें झालें व लुझॉनमधील डोंगररांगेचें नांव त्यास मिळालें. जमिनीवर जाऊन आदळण्यासाठींच ज्याचा जन्म झाला होता, अशा जहाजास शेवटचें काम तेंच मिळावें, हा योगायोग कोणाहि कादंबरीकारास न सुचणारा आहे.

जहाजावरील जीवनाचें वर्णन तेथें जाऊन आलेल्या पत्रकारांनीं केलेलें आहे. २०१३ सालीं गेलेल्यांना तेथें आठ-दहाच मरीन सैनिक आढळले. डेकचे पत्रे गंजून पापुद्रे सुटलेले, जागोजाग भोंकें पडलेलीं, त्यांवरून फळ्या टाकून केलेल्या वाटा. खालच्या भागांत भरतीचें पाणी शिरतें. सैनिक गळ टाकून मासे पकडतात, तेच वाळवतात, तेच खातात. पावसाचें पाणी सांठवितात. आणि क्षितिजावर कोणतें जहाज आलें, कोणतें गेलें याची नोंद ठेवतात. पाळी बदलण्यास महिने लागतात, आणि हवा बिघडली किंवा समोरच्यानें वाट अडविली तर आणखी महिने. या सैनिकांचें दल लहान आणि इतर मानानें तरुण आहे. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं कॅव्हीटे येथें एका कंपनीपासून त्याची सुरुवात झाली, आणि नंतरचीं बहुतेक वर्षें त्यानें स्वदेशांतीलच बंडाळ्या मोडण्यांत घालविलीं. समुद्राकडे तोंड करून बसण्याची संवय त्याला अलीकडेच लागली आहे.

आतां सहजच असा प्रश्न पडतो कीं चीनचें तटरक्षक दल इतकें प्रबळ असतांना हे आठ-दहा लोक तेथून उचलले कां गेले नाहींत? त्याचें उत्तर जहाजाच्या पोलादांत नाहीं, कागदांत आहे. ‘सिएरा माद्रे’ कितीहि गंजलें असलें तरी तें आरमाराच्या यादींतून कमी करण्यांत आलेलें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तें फिलिपिन्सचें चालू लष्करी जहाज आहे. ३० ऑगस्ट १९५१ रोजीं अमेरिका आणि फिलिपिन्स यांच्यामध्यें परस्पर-संरक्षणाचा जो तह झाला त्यांत पॅसिफिकमधील एकमेकांच्या सैन्यावर, सरकारी जहाजांवर किंवा विमानांवर होणाऱ्या सशस्त्र हल्ल्याचा उल्लेख आहे, आणि हा तह दक्षिण चिनी समुद्रासहि लागू आहे असें अमेरिकेनें २०१९ मध्यें व त्यानंतर वारंवार स्पष्ट केलें आहे. रिकामा खडक बळकावणें ही एक गोष्ट. चालू युद्धनौकेवर चढून तींतील सैनिकांना मारणें ही सर्वस्वीं निराळी. पहिलीनें निषेधाचे खलिते येतात, दुसरीनें महायुद्ध येऊं शकतें. शिबंदीचें खरें शस्त्र तिच्या हातांतील बंदूक नव्हे. तिच्यावर हात टाकणाऱ्यास नंतर काय काय भोगावें लागेल, हा हिशेब तिचें शस्त्र होय.

जेथें असा हिशेब उभा करणारें कोणी नव्हतें तेथें काय झालें याचा पुरावा दूर शोधावा लागत नाहीं. लुझॉनच्या पश्चिमेस सुमारें २२० किलोमीटरांवर स्कारबरो नांवाचा खडक आहे. एप्रिल २०१२ मध्यें फिलिपिन्सच्या आरमारानें तेथें चिनी मासेमारी बोटींची झडती घेतली, चीनचीं सरकारी जहाजें मध्यें पडलीं, आणि दोन महिने दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या. जूनमध्यें, वादळाच्या दिवसांत, फिलिपिन्सनें आपलीं जहाजें मागें घेतलीं. दोन्ही बाजूंनीं माघार घ्यावयाची असें ठरल्याचें मनिलाचें म्हणणें होतें. चीननें असा करार झाल्याचें मानलें नाहीं. चीनचीं जहाजें तेथेंच राहिलीं, आणि तेव्हांपासून त्या खडकाच्या आंतील सरोवरांत फिलिपिनी कोळ्यांना मोकळेपणानें जातां आलेलें नाहीं. एकहि गोळी सुटली नाहीं. स्कारबरोवर जहाजें होतीं, ठाणें नव्हतें. जहाजें वादळाला भितात, खडकावर रुतलेल्या सांगाड्याला भिण्याचें कारणच नसतें.

उचलतां येत नाहीं म्हटल्यावर उपाशी ठेवण्याचा मार्ग उरतो. जलदुर्ग तटांच्या उंचीवर टिकत नाहीं, रसदेवर टिकतो, हें कोंकणच्या किनाऱ्यावरील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं. आयुंगिनचा गेल्या बारा वर्षांचा इतिहास म्हणजे तांदूळ, पाणी, इंधन आणि दुरुस्तीचें साहित्य यांचा इतिहास आहे. ९ मार्च २०१४ रोजीं चीनच्या तटरक्षक जहाजांनीं रसदेच्या दोन बोटींना प्रथमच परत फिरविलें. दुसऱ्या दिवशीं फिलिपिन्सनें विमानांतून सामान टाकलें. महिनाअखेर, २९ मार्चला, एक बोट पत्रकारांना बरोबर घेऊन निघाली. चिनी जहाजें तिला आडवीं आलीं, तेव्हां तिच्या तांडेलानें ती खडकाजवळच्या अशा उथळ पाण्यांत घातली कीं मोठ्या जहाजांना मागोमाग येतां येईना. त्या दिवशीं बोटीचा लहानपणा हेंच तिचें बळ ठरलें. त्यानंतर कित्येक वर्षें ही फेरी भाड्यानें घेतलेल्या लांकडी बोटींकडेच राहिली; तटरक्षक दलाचीं जहाजें त्यांच्या सोबतीला कांहीं अंतरापर्यंत जात. युद्धनौका पाठवावयाची नाहीं हा नियम दोन्हीं बाजूंनीं पाळला, कारण युद्धनौकेसमोर युद्धनौका आली कीं गोष्ट दोघांच्याहि हाताबाहेर जाण्याची भीति.

पण बंदूक बाजूला ठेवल्यानें झगडा सौम्य होतोच असें नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें रसदेच्या बोटींवर चिनी जहाजांनीं पाण्याचे जबरदस्त फवारे सोडले. फेब्रुवारी २०२३ मध्यें फिलिपिन्सच्या एका तटरक्षक जहाजावर लेझरचा झोत टाकण्यांत आला व खलाशांना कांहीं काळ दिसेनासें झालें, अशी तक्रार मनिलानें केली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पुनः फवारे, ऑक्टोबरमध्यें टक्कर. हे फवारे म्हणजे आग विझविण्याचा नळ नव्हे. मार्च २०२४ मध्यें एका बोटीच्या कांचा त्यांनीं फुटल्या व चौघे जखमी झाले, आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या खेपेस बोटीची लांकडी बांधणीच उखडली गेली. ३१ मे २०२४ रोजीं सिंगापूर येथील परिषदेंत अध्यक्ष मार्कोस यांनीं जाहीर केलें कीं कोणाच्या हेतुपुरस्सर कृत्यानें एखादा फिलिपिनी मनुष्य मारला गेला तर तें युद्धाच्या कृत्याच्या अगदीं जवळचें मानलें जाईल.

यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच त्या शब्दांची परीक्षा झाली. १७ जून २०२४ रोजीं रसद घेऊन गेलेल्या रबरी होड्यांना चिनी तटरक्षकांनीं जहाजाजवळच घेरलें. त्यांच्या हातांत सुरे, कुऱ्हाडी आणि काठ्या होत्या. होड्या फाडल्या, पेट्यांतील बंदुका व इतर सामान काढून नेलें, आणि आदळआपटींत फिलिपिन्सच्या एका नाविकाचा उजव्या हाताचा अंगठा तुटला. मृत्यु झाला नाहीं, अंगठा तुटला. तेव्हां हें युद्धाचें कृत्य मानावयाचें कीं नाहीं? मनिलांतील गोंधळ पाहण्यासारखा होता. अध्यक्षांच्या कार्यालयांतील ज्येष्ठ अधिकाऱ्यानें चार दिवसांनीं हा बहुधा गैरसमज किंवा अपघात असावा असें सांगितलें. आणखी तीन दिवसांनीं संरक्षणमंत्र्यांनीं, छे, हें जाणूनबुजून केलेलें कृत्य आहे, असें जाहीर केलें. या विसंगतीबद्दल सरकारला हंसणें सोपें आहे. परंतु तह कोणत्या क्षणीं लागू होतो तो क्षण एकदां मोठ्यानें सांगितला कीं शत्रु त्याच्या एक बोट अलीकडे येऊन थांबतो, आणि न सांगितला तर तहाचा धाक राहत नाहीं. या पेंचांत सांपडलेल्या मंत्रिमंडळाचे दोन सूर निघाले, इतकेंच.

न्यायालयाचा आधार या प्रकरणांत मिळाला, पण अर्धाच. फिलिपिन्सनें २०१३ मध्यें समुद्रविषयक कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें लवाद मागितला. १२ जुलै २०१६ रोजीं हेग येथील लवादानें निर्णय दिला. आयुंगिन आणि मिस्चीफ हे दोन्ही ओहोटीलाच उघडे पडणारे खडक असल्यानें त्यांवरून कोणासहि स्वतंत्र सागरी हद्द सांगतां येत नाहीं, आणि ते फिलिपिन्सच्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रांत येतात, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. परंतु ‘सिएरा माद्रे’भोंवतीं चाललेल्या कोंडीबद्दल मात्र, हा लष्करी स्वरूपाचा प्रसंग असून तो आपल्या अधिकाराबाहेर आहे, असें लवादानें सांगितलें. म्हणजे जागा कोणाच्या क्षेत्रांतली हें कायद्यानें ठरलें. तेथें बसलेल्या माणसांना जेवण पोहोंचूं द्यावें कीं नाहीं, हें कायद्यानें समुद्रावरच सोडून दिलें. चीननें या खटल्यांत भाग घेतला नव्हता आणि निकालहि मानला नाहीं.

चीनचें म्हणणेंहि नमूद करावयास हवें. हा खडक आपल्याच नान्शा द्वीपसमूहाचा भाग आहे, १९९९ सालीं तेथें बेकायदेशीरपणें जहाज रुतविण्यांत आलें, तें ओढून नेण्याचें वचन फिलिपिन्सनें दिलें होतें आणि पाळलें नाहीं, असें पेकिंगचें सांगणें आहे. अन्नपाण्यास आपली हरकत नाहीं. हरकत आहे ती सिमेंट व पोलादास, कारण त्यांच्या योगानें मोडकें जहाज कायमचें ठाणें होईल, असें चीन म्हणतो. असें वचन दिल्याचें आपणांस माहीत नाहीं, आणि दिलें असल्यास आपण तें रद्द करीत आहों, असें मार्कोस यांनीं ऑगस्ट २०२३ मध्यें सांगितलें. चीनचा सिमेंटविषयींचा संशय मात्र निराधार नाहीं. २०१५ मध्येंच फिलिपिन्सच्या आरमारी अधिकाऱ्यांनीं सांगितलें होतें कीं जहाज मोडून पडूं नये म्हणून त्याची आंतून डागडुजी चालू आहे आणि सिमेंट, पोलाद लहान बोटींतून नेलें जातें. खरी शर्यत गंज आणि वेल्डिंग यांची आहे, हें दोन्ही पक्ष जाणतात.

ठाण्याचा गौरव करतांना त्याच्या मर्यादाहि दृष्टीआड करतां येत नाहींत. या शिबंदीनें चीनला मिस्चीफवरून हलविलें नाहीं. रीड बँकेंतून वायूचा एक बुडबुडाहि तिच्यामुळें बाहेर आला नाहीं. भोंवतालच्या समुद्रांत चिनी गस्ती जहाजें आणि निमलष्करी मासेमारी बोटी पूर्वीपेक्षां अधिकच दिसतात. ठाण्यानें मिळविला तो वेळ, आणि त्या वेळांत फिलिपिन्सनें कांहीं गोष्टी करून घेतल्या. मरीन दलांत २०२० मध्यें किनारा-संरक्षणाची स्वतंत्र रेजिमेंट उभी राहिली. तिच्यासाठीं जानेवारी २०२२ मध्यें सुमारें साडेसदतीस कोटि डॉलरांचा करार झाला तो भारताशीं. २९० किलोमीटर पल्ल्याचीं ब्राह्मोस क्षेपणास्त्रें भारतीय वायुदलाच्या विमानानें १९ एप्रिल २०२४ रोजीं फिलिपिन्समध्यें प्रथम पोहोंचलीं. ऑगस्ट २०२५ मध्यें दोन्ही देशांच्या आरमारांनीं दक्षिण चिनी समुद्रांत पहिला संयुक्त सराव केला. त्याच वर्षाच्या वसंतांत अमेरिकन मरीन दलानें युद्धसरावाच्या निमित्तानें आपलीं जहाजविरोधी क्षेपणास्त्रें लुझॉन आणि तैवान यांच्यामधील बाटानेस द्वीपसमूहांत नेऊन ठेवलीं. नव्या मताप्रमाणें मरीन सैनिकानें किनाऱ्यावर चाल करून जाण्यापेक्षां बेटावर दडून बसावें आणि जहाजें अडवावींत. त्यासाठीं अमेरिकेनें २०२० नंतर आपल्या मरीन दलाचे सर्व रणगाडेहि काढून टाकले. निवृत्त सेनापतींनीं त्यावर उघडपणें टीकेची झोड उठविली. टीकेचा एक मुद्दा बिनतोड आहे: शत्रूच्या माऱ्यांत असलेल्या बेटावर या लोकांना दारूगोळा व अन्न कसें पोहोंचविणार? आयुंगिनवरील आठ-दहा माणसांपुढें जो प्रश्न आहे तोच दोन हजारांच्या रेजिमेंटपुढेंहि आहे, फक्त पोत्यांची संख्या निराळी.

जूनमधील त्या झटापटीनंतर दोन्ही सरकारें वाटाघाटीस बसलीं आणि २१ जुलै २०२४ रोजीं रसदेबद्दल एक तात्पुरता समझोता झाला. २७ जुलैची फेरी विनाअडथळा पार पडली व त्यानंतरच्या फेऱ्याहि गेल्या. समझोत्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाहीं. फेरीची सूचना आधीं द्यावयाची आणि सामान जागेवर तपासूं द्यावयाचें असें ठरल्याचें चीन सांगतो. असें कांहीं ठरलेलें नाहीं असें फिलिपिन्स सांगतो. आणि बोट पोहोंचते. जहाज बुडालें किंवा दुभंगलें तर पुढें काय, याचें उत्तर कोणत्याहि बाजूनें दिलेलें नाहीं. त्या जागीं कायमचें बांधकाम होऊं देणार नाहीं असें पेकिंग म्हणतें, जहाज हलविणार नाहीं असें मनिला म्हणते, आणि पालावानच्या पश्चिम किनाऱ्यावरून तांदळाचीं पोतीं, पिण्याचें पाणी, इंधन व पाळी बदलणारे सैनिक घेऊन पुढची बोट निघते.